दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ: स्वतः कसा काढायचा

दोन शहरांची नावं टाकली की इंटरनेट लगेच दोन आकडे पुढे करतं: इतके किलोमीटर, इतके तास. दुसऱ्या ठिकाणी तपासायला गेलं की गडबड सुरू होते. लंडन ते न्यूयॉर्क कुठे ५,५४० किलोमीटर दिसतं, कुठे ५,५७०. वेळ कुठे साडेसहा तास, कुठे सात, आणि तिकिटावर आठ. यातला एकही आकडा खोटा नसतो. प्रत्येकाने वेगळं काहीतरी मोजलेलं असतं आणि नेमकं तेच सांगायचं राहून गेलेलं असतं.

अंतर हा पृथ्वीचा हिशेब आहे, तो आज-उद्या बदलत नाही. वेळ मात्र त्या दिवसाची, त्या विमानाची आणि त्या दिशेची असते. म्हणून अंतर ऐकलं की "कुठल्या दोन बिंदूंमधलं?" आणि वेळ ऐकली की "कुठून कुठपर्यंतची?" हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने केल्या, तर कुठल्याही दोन शहरांसाठी दहा-पंधरा मिनिटांत बऱ्यापैकी खात्रीचं उत्तर मिळतं.

पायरी १: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

शहर म्हणजे नकाशावरचा एक ठिपका नाही. ५,५७० हा आकडा लंडनच्या मध्यापासून न्यूयॉर्कच्या मध्यापर्यंतचा आहे आणि ५,५४० हा हीथ्रो विमानतळापासून जेएफके विमानतळापर्यंतचा. इतक्या लांबच्या प्रवासात हा फरक नगण्य असला, तरी जमिनीवर तो चांगलाच जाणवतो. टोकियोचा हानेदा विमानतळ शहराच्या मध्यापासून पंधराएक किलोमीटरवर आहे, तर नारिता साठेक किलोमीटरवर. विमानाची वेळ दोन्हीकडे जवळपास सारखी, पण घरी पोचायची वेळ तासभराने वेगळी.

म्हणून शोध घेताना विमानतळाचा तीन अक्षरी कोड वापरा. तिकीट, वेळापत्रक, सामानाची चिठ्ठी, सगळीकडे तोच असतो. सारख्या नावाच्या शहरांचा घोळही त्यानेच टळतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला जायला निघालेले प्रवासी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातल्या सिडनीत उतरल्याच्या घटना खरोखर घडल्या आहेत. पहिल्याचा कोड एसवायडी, दुसऱ्याचा वायक्यूवाय. सॅन होजे नावाची शहरं कोस्टा रिकात आणि कॅलिफोर्नियात अशी दोन्हीकडे आहेत आणि त्यांच्या कोडमध्ये फक्त शेवटच्या अक्षराचा फरक आहे: एसजेओ आणि एसजेसी. अंतर काढणाऱ्या यंत्राला हे कळत नाही, ते बिनतक्रार चुकीच्या शहराचं अंतर देऊन मोकळं होतं.

पायरी २: हवाई अंतर काढा

रस्त्याचं अंतर इथे विसरा. रस्ता डोंगर, नद्या आणि पूल बघून वळतो. ब्युनोस आयर्स आणि मोंतेविदेओ ही दोन राजधानीची शहरं हवेतून मोजली तर एकमेकांपासून साधारण दोनशे किलोमीटरवर आहेत. मध्ये ला प्लाता नदीचं अजस्र मुख असल्यामुळे गाडीने मात्र सहाशेच्या आसपास किलोमीटरचा वळसा पडतो.

गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल ते बृहद्वृत्त. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, दोरा आपोआप त्याच मार्गावर बसतो. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे जमत नाही आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशा बघून वाटतं, नाकासमोर पश्चिमेला निघालं की झालं. तसं त्या अक्षांशावरूनच गेलं, तर सुमारे ५,९३० किलोमीटर होतात. उत्तरेकडे फुगलेल्या कंसावरून गेलं, तर ५,७६० च्या आसपास. नकाशावर लांब दिसणारा मार्ग प्रत्यक्षात दीडशेहून अधिक किलोमीटरने जवळचा निघतो. टोकियोहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान अलास्काच्या बाजूला का जातं, त्याचं उत्तरही हेच.

चार्ल्स लिंडबर्गला १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने उडताना हेच करावं लागलं. बृहद्वृत्तावर दिशा सतत बदलत असते, म्हणून त्याने आधीच मार्गाचे साधारण शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यासाठी होकायंत्राची दिशा लिहून घेतली. साडेतेहतीस तास लागले. आज तेच काम संगणक करतो, भूमिती मात्र तीच आहे.

स्वतः गणित करून बघायचं असेल तर लागतात फक्त दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश. पद्धत अशी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही उत्तरांची बेरीज म्हणजे मधल्या कोनाचा कोसाइन. त्यावरून कोन अंशांत काढा आणि १११.२ ने गुणा, कारण पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर.

हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश. पहिला गुणाकार ०.५०९५, दुसरा ०.१३५६, बेरीज ०.६४५१. कोन आला ४९.८३ अंश, म्हणजे ५,५४० किलोमीटर.

स्प्रेडशीटमध्ये हे करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. तिथे कोन रेडियन या कोन मोजायच्या दुसऱ्या एककात द्यावा लागतो, अंशांत दिला तर उत्तर येतं, पण भलतंच. आणि पश्चिम रेखांश व दक्षिण अक्षांश यांना उणे चिन्ह लावायचं असतं. पृथ्वी ध्रुवांपाशी जराशी चपटी असल्यामुळे गोल धरून काढलेल्या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक राहते. प्रवासाचा अंदाज बांधायला त्याची काळजी करायचं कारण नाही. आकडा बरोबर आहे का हे पडताळायला एक मर्यादा लक्षात ठेवा: पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाहीत. त्याहून मोठं हवाई अंतर कुणी सांगितलं तर ते थांबे घेत गेलेल्या प्रवासाचं असेल किंवा मैल-किलोमीटरची गल्लत झालेली असेल.

मैलांचंही एक बघून घ्या. वैमानिक आणि हवाई नकाशे सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ चा. नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं तर आधी कुठला मैल ते पाहा.

पायरी ३: वारा नसता तर किती वेळ लागला असता?

आता विमान. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारखी एका मार्गिकेची विमानं ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीच्या आसपास उडतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० सारखी लांब पल्ल्याची विमानं ०.८५ च्या आसपास. अकरा किलोमीटर उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत ध्वनीचा वेग जमिनीपेक्षा कमी, म्हणजे ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळपास असतो. म्हणजे छोटी विमानं ताशी ८३० आणि मोठी ९००. पंखे असलेलं एटीआर ७२ ताशी पाचशेच्या आसपास. छोट्या शहरांच्या मार्गांवर तेच असण्याची शक्यता असते, तेव्हा तिकीट काढताना विमानाचा प्रकार बघून घ्या. त्याने अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो.

हा वेग सुरुवातीला आणि शेवटी मिळत नाही. चढायला वीसेक मिनिटं, उतरायला पंचवीस-तीस मिनिटं जातात आणि त्या काळात विमान हळू असतं. म्हणून सोपा आडाखा असा: अंतराला ८५० ने भागा, वर अर्धा तास घाला. छोट्या पल्ल्यासाठी ८०० ने भागा. लंडन-न्यूयॉर्कला हे लावलं तर साडेसहा तास अधिक अर्धा, म्हणजे सात. पाचशे किलोमीटरच्या उड्डाणाला पाऊण तासापेक्षा थोडं कमी अधिक अर्धा, म्हणजे तास-सव्वातास.

टोकाची उदाहरणं पाहिली की या अर्ध्या तासाचं वजन कळतं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे, २.७ किलोमीटरचं. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिली आहेत. तिथे चढणं आणि उतरणं याखेरीज दुसरं काही नाहीच. दुसऱ्या टोकाला सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३५० किलोमीटर आणि वेळापत्रकानुसार अठरा तासांहून अधिक. तिथे अर्धा तास इकडे-तिकडे झाला तरी कुणाला कळणार नाही.

गेल्या साठ-पासष्ट वर्षांत विमानं वेगवान झाली असतील असं वाटणं साहजिक आहे. झालेली नाहीत. १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडू लागलेलं बोइंग ७०७ साधारण आजच्याच वेगाने उडत होतं. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि इंधन खाल्लं जातं, म्हणून सगळे त्याच्या अलीकडेच थांबतात. अपवाद ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉंकॉर्ड या प्रवासी विमानाचा. १९९६ मध्ये त्याने न्यूयॉर्क ते लंडन तीन तासांच्या आत, २ तास ५३ मिनिटांत गाठलं होतं. २००३ मध्ये ते निवृत्त झालं.

पायरी ४: आता वारा घाला

लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास, येताना सात, असं का? नवख्यांचा हा ठरलेला प्रश्न, आणि त्याचं चुकीचं उत्तरही ठरलेलं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना गाव आपल्याकडे येतं आणि वेळ कमी लागतो. प्रत्यक्षात उलट होतं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते हे खरं, पण हवाही तिच्याबरोबर फिरते. उभं विमानही त्याच वेगाने फिरत असतं. नुसत्या फिरण्याने ना फायदा होतो ना तोटा.

फरक पाडतो तो जेट स्ट्रीम. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, दोन्ही गोलार्धांच्या मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वेगवान वारे. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो, हिवाळ्यात आणखी वाढतो. नदीच्या प्रवाहाबरोबर होडी हाकणं आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवणं यात जो फरक, तोच इथे. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला असं म्हणता येत नाही, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

हिशेबात वारा असा घाला: विमानाच्या वेगात मागून येणारा वारा मिळवा, समोरून येणारा वजा करा आणि मग अंतराला भागा. ५,५४० किलोमीटर, वेग ९००, वारा १०० धरू. वारा नसता तर ६ तास ९ मिनिटं. वारा पाठीशी असेल तर ५ तास ३२ मिनिटं. समोरून असेल तर ६ तास ५६ मिनिटं. आता बेरीज करून बघा. वारा नसताना जाऊन-येऊन १२ तास १९ मिनिटं, वारा असताना १२ तास २८ मिनिटं. जाताना गमावलेलं येताना पूर्ण वसूल होत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. मला या सगळ्या गणितातला हा भाग सर्वांत आवडतो.

तुम्हाला रोजचा वारा मोजत बसायची गरज नाही. दोन्ही शहरं मध्य अक्षांशांत असतील आणि मार्ग पूर्व-पश्चिम असेल, तर पूर्वेला जाताना तिसऱ्या पायरीतल्या उत्तरातून पाच ते दहा टक्के कमी करा, पश्चिमेला जाताना तेवढेच वाढवा. हिवाळ्यात वरचा आकडा, उन्हाळ्यात खालचा. मार्ग उत्तर-दक्षिण असेल किंवा विषुववृत्ताजवळचा असेल, तर ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालते.

पायरी ५: विमान खरोखर कुठून जातं ते पाहा

बृहद्वृत्त हा आदर्श मार्ग. प्रत्यक्षातलं विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जातं, वादळं टाळतं, काही आकाशं टाळतं. बहुतेक वेळा यामुळे अंतर काही टक्क्यांनीच वाढतं. उत्तर अटलांटिकवर तर वारा बघून दिवसातून दोनदा नवे समांतर मार्ग आखले जातात: दिवसा मुख्यतः पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेला जाणाऱ्यांसाठी. पश्चिमेला निघालेलं विमान जोराच्या वाऱ्याला वळसा घालून शे-दोनशे किलोमीटर जास्त उडेल आणि तरी लवकर पोचेल.

कधी मात्र वळसा मोठा असतो. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. रशियावरून जाता येत होतं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं जागेवरच होती, अंतर काढणारी संकेतस्थळंही तोच आकडा दाखवत राहिली, प्रवाशांचे मात्र साडेतीन तास वाढले. काही विमानं तर थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने वळसा घालू लागली.

तिबेटच्या पठाराचं कारण वेगळं आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला झटपट तीन हजार मीटरच्या आसपास उतरावं लागतं. जिथे जमिनीचीच सरासरी उंची साडेचार हजार मीटर आहे, तिथे उतरणार कुठे? म्हणून बरीचशी विमानं त्या पठाराला बगल देतात.

हे तपासायला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विमानांचा थेट माग दाखवणारी संकेतस्थळं. तिथे विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या चार-पाच दिवसांच्या रेषा बघा. रेषा बृहद्वृत्तापासून फारच लांब जात असेल, तर आडाखा सोडा आणि त्या उड्डाणांच्या प्रत्यक्ष वेळाच धरा.

पायरी ६: हवेतला वेळ आणि वेळापत्रकातला वेळ वेगळे ओळखा

वेळापत्रकातली 'सुटण्याची वेळ' म्हणजे विमान धावपट्टीवरून हवेत झेपावतं तो क्षण नव्हे. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं, तो तो क्षण. तसंच 'पोचण्याची वेळ' म्हणजे चाकं जमिनीला टेकतात ती नव्हे, तर विमान गेटपाशी येऊन थांबतं ती. या दोहोंमधल्या वेळाला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर तोच असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर गेट गाठणं हे सगळं येतं. छोट्या विमानतळावर दोन्हीकडचं मिळून पंधरा मिनिटं, गजबजलेल्या ठिकाणी पाऊण तासही.

यात कंपन्या थोडी सूटही धरतात. अमेरिकेत वेळापत्रकानंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान वेळेवर आलं असं मोजतात, त्यामुळे हाताशी थोडी जास्त मिनिटं ठेवणं कंपनीला परवडतं. "उशिरा सुटलो पण वेळेवर पोचलो" यात वैमानिकाच्या कसबापेक्षा या सुटीचा वाटा बहुधा मोठा असतो.

म्हणून संकेतस्थळावरचा आकडा तिकिटापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने कमी दिसला तर दचकू नका. त्याने हवेतला वेळ दिलेला असतो. तुमच्या नियोजनासाठी तिकिटावरचाच वेळ खरा.

पायरी ७: घड्याळांचा घोळ सोडवा

दर वेळी फसवतं ते हेच. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहराच्या घड्याळाची असते, पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराच्या घड्याळाची. सरळ वजाबाकी केली की हमखास चुकतं.

समजा, विमान लंडनहून सकाळी ११ ला सुटून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचतं. तीन तास? नाही. न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागे आहे, म्हणजे प्रवास आठ तासांचा. परतीचं विमान संध्याकाळी ७ ला सुटून लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला येतं. घड्याळात बारा तास दिसतात, त्यातून पाच वजा, म्हणजे सात.

पूर्व-पश्चिम, अधिक-उणे लक्षात ठेवण्यापेक्षा एकच रीत कायमची धरा. दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये बदला आणि मग वजाबाकी करा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे. तिथून संध्याकाळी ५ ला सुटलेलं विमान यूटीसीत सकाळी ८ ला सुटलं. दहा तास उडून ते यूटीसीच्या संध्याकाळी ६ ला लॉस एंजेलिसला पोचलं. हिवाळ्यात लॉस एंजेलिस यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे १० वाजलेत. त्याच दिवसाचे. सुटायच्या सात तास आधी पोचलात! आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की असं होतं. उलट दिशेने येताना अख्खा दिवस गायब होतो, आणि मुक्कामाची खोली कुठल्या रात्रीपासून ठरवायची हा प्रश्न तिथेच उभा राहतो. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात '+१' दिसतं, ते दुसऱ्या दिवसाचं चिन्ह. क्वचित '+२' ही असतं.

सगळे फरक पूर्ण तासांचे असतात असंही समजू नका. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा. न्यूझीलंडची चॅटम बेटं तर पावणेतेरा तास. त्यात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची काही देशांची पद्धत. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन-न्यूयॉर्क फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. शरद ऋतूतही युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत फिरतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणून तेव्हाही आठवडाभर हाच प्रकार. प्रवास या दिवसांतला असेल तर त्या तारखेचाच फरक बघा, आजचा नको.

पायरी ८: मध्ये थांबा असेल तर

'डायरेक्ट' लिहिलेलं विमान वाटेत थांबणार नाही असं गृहीत धरू नका. एकाच क्रमांकाचं विमान मध्ये उतरून पुन्हा निघत असेल, तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. न थांबणारं ते नॉनस्टॉप.

थांबा घेऊन जाताना कुठून वळतोय याला फार महत्त्व आहे. लंडन ते सिडनी हवाई अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. सिंगापूरमार्गे गेलं तर दोन टप्प्यांची बेरीज १७,२०० च्या आसपास, म्हणजे वळसा नावापुरता. लॉस एंजेलिसमार्गे गेलं तर २०,८०० च्या आसपास. अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटरने वाढलं, म्हणजे साधारण साडेचार तास हवेत जास्त. तिकीट स्वस्त दिसलं की आधी मधलं शहर गोलावर शोधा. ते ताणलेल्या दोऱ्याच्या जवळपास आहे का, एवढंच बघायचं.

एकूण वेळ म्हणजे दोन्ही टप्प्यांचे ब्लॉक टाइम अधिक मधला थांबा. प्रत्येक विमानतळ विमान बदलायला किमान किती वेळ लागतो ते ठरवून ठेवतो आणि एका तिकिटावरचे टप्पे त्यापेक्षा कमी वेळाचे विकले जात नाहीत. दोन वेगवेगळी तिकिटं स्वतः जोडली तर हे संरक्षण नसतं. सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, कधी त्या देशात प्रवेश करण्याचे कागदही लागतात, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं कुणी थांबवत नाही. अशा वेळी मधे चार-पाच तास ठेवा. त्याहून कमी ठेवायचे असतील तर मी एकच तिकीट घेईन, थोडं महाग पडलं तरी.

पायरी ९: दारापासून दारापर्यंत

छोट्या पल्ल्यासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची. लांबच्या पल्ल्यासाठी नुसती नजर टाकली तरी पुरे. देशांतर्गत उड्डाणासाठी दोन तास आणि परदेशी उड्डाणासाठी तीन तास आधी पोचा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. त्यात विमानतळापर्यंतचा आणि तिथून पुढचा प्रवास, सामान, कागदपत्रांची तपासणी हे मिळवा. माद्रिद ते बार्सिलोना विमानाला सव्वा तास लागतो आणि वेगवान रेल्वेला अडीच तास. कागदावर विमान जिंकतं. पण रेल्वे एका शहराच्या पोटातून सुटून दुसऱ्याच्या पोटात थांबते, त्यामुळे हॉटेलच्या दारात बहुधा रेल्वेवालाच आधी पोचतो.

पायरी १०: शेवटची तपासणी

आता तुमचा आकडा तिकिटावरच्या वेळेशी ताडून बघा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक असेल तर तो जमिनीवरच्या वेळेचा. दीड-दोन तासांचा असेल तर तीन शक्यता क्रमाने तपासा: घड्याळाच्या फरकात चूक, वाटेतला लपलेला थांबा, नाहीतर मोठा वळसा. बरोब्बर एका तासाची तफावत आली तर संशय आधी उन्हाळी वेळेवर घ्या.

त्या क्रमांकाच्या विमानाने मागच्या आठवड्यात प्रत्यक्ष किती वेळ घेतला हेही बघा. सहलीच्या बऱ्याच आधी तिकीट काढलं असेल तर निघण्याआधी वेळ पुन्हा तपासा. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि हिवाळ्याच्या वेळापत्रकात पश्चिमेकडच्या लांबच्या उड्डाणांना बहुधा थोडी जास्त मिनिटं दिलेली सापडतील.